दिगू, पैठणला तू गेलाच नाहीस

दिगू, लोकांच्या लेखी तू परवा पैठणला गोदावरीत विसर्जित झालास. तुझ्या पोराने, अमोलने, तुला ओंजळीने पाण्यात सोडलं, गुरुजींनी मंत्र म्हटले, जीपवाल्यानेही काठावर उभं राहून हात जोडले. प्रत्यक्षात तू इथं बुलढाण्यात, माझ्या पडवीत खुंटीला टांगलेला आहेस, आणि मी समोर खुर्ची टाकून तुझ्याशी बोलत बसलो आहे. उद्या तुझी तेरवी. तुझ्या अंगणात आचारी सकाळपासून चुली मांडतो आहे. ही भानगड मला आणि माझ्या बायकोला, शीलाला, सोडून कुणालाच ठाऊक नाही. उद्या पंगती बसायच्या आत ती वहिनींना सांगायची की गिळून टाकायची, एवढंच मला ठरवायचं आहे.

तू असतास तर म्हणाला असतास, सांगून टाक बे, भेतो काय. आणि मी सांगायला तोंड उघडेपर्यंत मागच्या दाराने सटकला असतास.

गोदावरीत मग गेलं काय? तुझी शेवाळं गेली. मंत्रांसकट, तीळ-तांदळांसकट, साग्रसंगीत. शोकसभेत लोक तुझा जन्म, नोकरी आणि शिस्त यांवर बोलले. तुझ्यात शिस्त होती हे मला त्या दिवशीच कळलं. शेवाळाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही, आणि त्यावाचून तुझ्याबद्दल बोलणं म्हणजे वरणाशिवाय रोडगे वाढणं.

समुद्रापासून इतक्या लांब, जिथं विहिरीला पाणी लागलं तर लोक पेढे वाटतात, तिथं एका माणसाने समुद्रातल्या दगडी शेवाळापायी जन्म घालवावा, याचं मला शेवटपर्यंत नवल वाटलं. लाल शेवाळांतलं एक घराणं पाण्यातला चुना उचलतं, आपल्या पेशींच्या भिंतींत भरतं आणि दगडासारखं टणक होऊन बसतं. त्यातली काही खडकावर रंगाचा हात मारल्यासारखी पसरतात, काहींना बारीक बारीक सांध्यांच्या फांद्या असतात. जिवंत असली की गुलाबी, मेली की पांढरी फटक. एवढं मला पाठ आहे, कारण कॉलेजात तुझी वनस्पतीशास्त्राची प्रयोगशाळा आणि माझी प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यात एकच भिंत होती आणि तुझा आवाज तिला जुमानत नसे.

तू पहिल्यांदा कोकणातून तसला दगड आणलास तेव्हा मी हात पुढे करून म्हटलं होतं, हे प्रवाळ आहे, म्हणजे प्राणी, म्हणजे माझं खातं, इकडे आण. जुन्या काळच्या पंडितांनीही यांना प्राण्यांतच घातलं होतं, तेव्हा मी काही एकटा मूर्ख नव्हतो. पण तू सगळ्या स्टाफरूमसमोर मला झाडलंस.

"तुह्ये किडे नुसत्या विटा रचतात," तू म्हणालास. "त्या विटा लाटेपुढं धरून ठेवणारं सिमेंट माह्या घरचं आहे. अन् तुह्या किड्याचं पोरगं बसायले जागा पाहत येते, तेही माह्याच शेवाळावर येऊन बसते."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. त्यानंतर वर्षानुवर्षं मी तुला मुद्दाम "प्रवाळवाले" म्हणत राहिलो आणि तू दर वेळी तितकाच चिडत राहिलास. असा विश्वासाने चिडणारा माणूस मिळायला भाग्य लागतं.

इतरांसाठी तुझ्याकडे एकच पुरावा होता, तो म्हणजे लिंबू. आपला काळा दगड लिंबाला दाद देत नाही, तुझं शेवाळ चुन्याचं असल्यामुळे फसफसतं. पिंपळगाव राजा गावी एका लग्नात तू पंगतीतच खिशातून पांढरा खडा काढलास, ताटातली लिंबाची फोड त्यावर पिळलीस आणि शेजारच्या म्हाताऱ्याला दाखवलंस. म्हातारा वाकून बराच वेळ पाहत राहिला. शेवटी त्याने विचारलं, पाचक आहे काय हो, मलेही द्या थोडंसं. तू त्याला खडा दिलास. त्याने तो चघळला आणि गुण आला म्हणाला. तुझ्या विषयाचा तेवढाच काय तो समाजाला उपयोग झाला.

आणि तो कूलर! बुलढाणा घाटावर आहे, थंड आहे, असं आपण घाटाखालच्या पाहुण्यांना ऐटीत सांगतो. मे महिन्यात ती ऐट वाळून जाते. एका वर्षी तू कोकणातून एसटीने समुद्राच्या पाण्याच्या कॅन आणल्यास. दारू आहे की काय म्हणून कंडक्टरने चौकशी केली, तर तू त्याला चव घ्यायला लावलीस आणि तो पुढच्या स्टॉपपर्यंत खिडकीबाहेर थुंकत होता. मग तू मोरीत टाकी मांडलीस, तीत जिवंत गुलाबी शेवाळ ठेवलंस आणि घरातला एकुलता एक कूलर मोरीकडे तोंड करून बसवलास. शेवाळाला खोल पाण्यातला निळसर उजेड पुरतो, त्याचा लाल रंग तोच उजेड पकडतो, म्हणून मोरीच्या खिडकीला निळा कागद लावलास. साबणाला बंदी केलीस. छोटा अमोल आंघोळ करून बाहेर आला की आरशात पाहून खात्री करून घ्यायचा, आपण निळे तर झालो नाही ना. वहिनी पुठ्ठ्याने वारा घेत एवढंच म्हणायच्या, "आम्हाले पुठ्ठा, शेवाळाले कूलर. पुढच्या जन्मी शेवाळ होतो बापा."

समुद्रात शेवाळावरची घाण शंखगोगलगायी खरवडून साफ करतात, वरचा थर ते स्वतःही टाकून देतं. बुलढाण्यात तसली गोगलगाय कुठून आणणार? तू वहिनींचा दात घासायचा ब्रश घेतलास. त्या प्रकरणात तुझी बाजू मी कधीच घेतली नाही आणि आजही घेत नाही. एवढं करून पावसाळ्याआधीच ते पांढरं पडलं. तू दोन दिवस जेवला नाहीस. वहिनींनी मात्र तेवढ्यात नवा ब्रश आणून घेतला.

अमोलची धामणगाव बढे गावातली सोयरीक मोडली तीही तुझ्या शेवाळापायीच. मुलीच्या काकाने उगीच बोलायचं म्हणून विचारलं, सर, तुमचा अभ्यासाचा विषय कोणता. मी तुझा सदरा मागून ओढला, पण उशीर झाला होता. तू पोह्यांची बशी खाली ठेवलीस आणि शेवाळाचा संसार सांगायला लागलास. नर वेगळा, मादी वेगळी. नराच्या बीजाला शेपूट नसते, त्याला पोहता येत नाही, पाणी नेईल तिकडे जायचं. जमलं तर मादीच्या अंगावरच पुढची पिढी वाढते, जन्मभर तिथंच राहते, आईच्याच जिवावर खाते. तिच्या बीजाणूंपासून तिसरी पिढी, ती दिसायला हुबेहूब आईबापासारखी पण ना नर ना मादी. काका शांतपणे ऐकत होता. मुलीची आई दाराआडून ऐकत होती. आठ दिवसांनी निरोप आला की मुलगा चांगला आहे, पण त्या घरात पोरं मायला सोडत नाहीत असं दिसते. तुला त्यात आपलं काय चुकलं हे कधीच कळलं नाही. वर्णन बरोबर होतं, असं तू मला परतीच्या जीपमध्ये तीनदा सांगितलंस.

पण दिगू, तुझा खरा मोठेपणा मला दिसला तो सांध्यांच्या वेळी. पूर्वीच्या वर्गीकरणात या शेवाळांचे सरळ दोन भाग करत, सांधे असलेली एकीकडे आणि बिनसांध्यांची दुसरीकडे. तूही तुझे सगळे डबे तसेच लावले होतेस, भिंतभर. पुढे जनुकांची तुलना झाली आणि कळलं की सांधे वेगवेगळ्या कुळांत आपापले, स्वतंत्रपणे उगवले आहेत. त्यांच्यावरून नातं ठरत नाही. मुख्य घराणी पाहायची तर बीजाणूंची खोली कशी आहे ते पाहायचं. एका घराण्यात सगळ्यांची मिळून एक खोली आणि छताला एकच भोक. दुसऱ्यात खोली एकच, पण छताची चाळणी झालेली. तिसऱ्यात भावांनी वाटण्या केलेल्या, ज्याची त्याची खोली वेगळी. हे तू मला भिंतीवरून ओरडून सांगितलंस. मला वाटलं, आता हा खचणार. मी चहा घेऊन आलो, तर तू जमिनीवर फतकल मारून सगळे डबे रिकामे करत होतास आणि चेहरा असा की जणू हरवलेले नातेवाईक सापडले.

"सांधा पाहून नातं लावत होतो मी," तू म्हणालास. "नातं दिसण्यावर नसते, सुध्या. चुकलं तं चुकलं. पुन्हा मांडू."

माझं म्हणणं असं की डोळ्यांना जे सारखं दिसतं ते सारखं धरून चालावं, त्यावाचून माणसाचा दिवस जाणार नाही. हा वाद आपण निवृत्तीनंतरही चालू ठेवला, रोज संध्याकाळी, याच पडवीत. शेवटी वैतागून तू एक लोटकं आणून माझ्या खुंटीला टांगलंस. मातीचं, धाड गावच्या बाजारातलं, तोंडाला धोतराचं फडकं बांधलेलं. प्लॅस्टिकच्या डब्यांना घाम सुटतो म्हणून तू ढीगभर लोटकी आणून ठेवली होतीस. आत मेलेली पांढरी शेवाळं, सगळ्या घराण्यांची मिसळ. भिंग घे, एकेक पाहा, नाती लाव, मग तोंड उघड, असा गृहपाठ देऊन गेलास. तो मी उघडलाही नाही, कारण गृहपाठ देणं हा माझा धंदा होता, करणं नाही. आणि मग दवाखान्यातून तू घरी आलाच नाहीस.

आता पुढचं ऐक. राख सावडायला निघालो तेव्हा नवं मडकं आणायचं सगळे विसरले होते. वहिनी म्हणाल्या, त्यांची लोटकी पडली आहेत, त्यातलंच एक घ्या. घेतलं. फडकंही तुझ्याच धोतराचं. दुधाने धुतलेल्या अस्थी त्यात भरल्या. अस्थी घरात नेत नाहीत, आणि तुझ्या अंगणात झाड म्हणून जे आहे त्याला चिमणीही टेकत नाही, म्हणून माझ्या कडुनिंबाला टांगल्या. दुसऱ्या दिवशी वानरांची टोळी आली. टांगलेलं जे जे ते खायचं, असा त्यांचा समज. शीला काठी घेऊन धावली, तुला फांदीवरून सोडवलं आणि पडवीतल्या रिकाम्या खुंटीला अडकवलं. शेजारच्या खुंटीला तुझा गृहपाठ होताच.

परवा पहाटे अमोल आला. माझे गुडघे जीपमध्ये बसू देत नाहीत म्हणून मी जाणार नव्हतो, मी जीपवाल्याशी बोलत फाटकात उभा होतो. पोराने डोळे पुसत दाराजवळचं लोटकं काढलं आणि छातीशी धरून गेला.

दुपारी त्याचा पैठणहून फोन आला. रडत होता, पण आवाजात सुटल्यासारखा निवांतपणा होता.

"काका, बाबांची बोटं तशीच होती हो. आगीनं किती बारीक झालेली, पण एकेक पेर दिसत होतं. मी हातात धरली, मग सोडली."

मी आयुष्यभर हाडं शिकवली आहेत. चितेतून बोटांची पेरं अशी एकाला एक जोडून निघत नाहीत. तुझा पोरगाही सांध्यांवरूनच नातं लावायला गेला, दिगू, आणि तुझ्यासारखाच चुकला.

फोन ठेवून मी दुसरं लोटकं उतरवलं. फडकं सोडताच मला कळलं होतं, पण कळून घ्यायचं नव्हतं. मी शीलाला लिंबू मागितलं. तिने कापून दिलं. हाड फसफसत नाही, पण त्याला लागलेली राख लिंबाने फसफसते, हे तूच शिकवलं होतंस, म्हणून एक तुकडा घेऊन नीट झटकला, ओल्या कापडाने पुसला, वाळू दिला. मग पिळलं. दिगू, मी त्या तुकड्याला हात जोडून विनवत होतो की बाबा, फसफस. एक तरी बुडबुडा येऊ दे, आणि मी आजपासून तुला प्रवाळवाला म्हणणार नाही. रस तुकड्यावरून ओघळून बशीत आला. काही झालं नाही. तो तू होतास.

मी तिथंच पडवीत बसून रडलो. स्मशानात रडू आलं नव्हतं, तिथं लाकडं कमी पडतात का, हे पाहण्यात वेळ गेला. आणि रडता रडता मला हसू फुटलं, कारण तुझ्या शेवाळांना गुरुजींनी तुझं नाव आणि गोत्र सांगून निरोप दिला होता. वर्गीकरणात इतकी मोठी चूक तुझ्या हातूनही झाली नव्हती. शीलाने लिंबाची उरलेली फोड उचलली, तुझ्यापुढे दिवा लावला आणि म्हणाली, भाऊजींना आंबट आवडायचंच.

तुझ्याशिवाय संध्याकाळी चिडायला कुणी नाही, ही तुझी तक्रार मी कुणाकडे करू? तू होतास म्हणून मला माझा विषय आवडला. नाहीतर बेडूक कापून पगार घेतला असता आणि गेलो असतो. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू ते स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं असतंस.

असा दोन दिवस तुझ्यासमोर बसून मी ठरवत होतो. सांगितलं तर वहिनींचा जीव दुखावेल आणि अमोलच्या हातात आलेली बापाची बोटं मी काढून घेईन. नाही सांगितलं तर कुठल्या तोंडाने मी त्यांच्या पंगतीला बसू? शीला म्हणाली, वहिनींनी मोरीत टाकी सोसली, हेही सोसतील. तेव्हा आज दुपारी उठलो आणि गेलो. हो, सांगून आलो आहे. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू मध्ये बोलतोस.

वहिनी माजघरात तांदूळ निवडत होत्या. बाकीच्या बायकांना मी चहाच्या निमित्ताने बाहेर काढलं आणि सगळं सांगितलं, वानरांपासून लिंबापर्यंत. त्यांचा हात सुपातच थांबला. मी मान खाली घालून बसलो. मग वर पाहिलं तर पदर तोंडात धरून वहिनी हसत होत्या. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तू गेल्यापासून त्यांना रडतानाही कुणी धड पाहिलं नव्हतं.

"म्हणजे ते अजून इथंच आहेत," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, माझ्या पडवीत आहेत, दिवा लावलेला आहे. अमोलला काय सांगायचं, असंही विचारलं.

"त्याले नका सांगू आत्ताच. त्याले बापाचे हात दिसले, दिसू द्या. पुढं मी सांगीन माह्या हिशोबानं."

मी म्हटलं, तेरवी आटोपली की मी स्वतः पैठणला जातो, गुडघे गेले खड्ड्यात. वहिनींनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"पैठण नको भाऊजी. समुद्रावर नेऊ. अन् मले घेऊन चला. उन्हाळाभर त्या समुद्राचं पाणी म्या मोरीत भरलं, उपसलं. समुद्र काही उमरभर पाह्यला नाही."

मी तुझी बाजू घ्यायला तोंड उघडलं. दर हिवाळ्यात तू पोरांची बस भरून कोकणात गेलास. कॅन आणल्यास, दगड आणलेस, अंगाला वास आणलास. बसमध्ये एक जागा रिकामी नसायची, तुझी आई अंथरुणाला खिळलेली होती, अमोलची शाळा होती, आणि पुढे नोकरी संपली तेव्हा आता काय तिथं, असं तूच म्हणायचास. ही सगळी कारणं माझ्या तोंडापर्यंत आली आणि वहिनींकडे पाहून परत गेली. तू असतास तर दिगू, मागच्या दाराने गेला असतास.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या मला विचारायला लागल्या की तिथं थंडी असते का, शाल घ्यावी लागेल का, आणि लाट पायाशी आली की खालची वाळू खरंच ओढून नेते का. मी म्हटलं, नेते. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि आपल्या पायांकडे पाहिलं.

"यांच्या सहलीच्या फोटोत समदे जण चपला हातात घेऊन उभे राहतात," त्या म्हणाल्या. "माह्या तं पार झिजल्या."

तेव्हा दिगू, आणखी थोडे दिवस टांगलेला राहा. घाई करू नकोस. वहिनींना आधी नव्या चपला घ्यायच्या आहेत.